कोपरा नसलेलं घर

२ मार्च

ज्या घराला कोपराच नाही, त्या घरात एका बाईला बाजूला घेऊन विचारायचं तरी कसं? चार वर्षं राजधानीत शिकले, तिथेही कुणी सांगितलं नाही. बाईंनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं— ‘हा प्रश्न एकांतात विचारावा.’ एकांत! बाईंचं अख्खं आयुष्य चौकोनी खोल्यांत गेलेलं. आमचं गेर म्हणजे गोल तंबूघर. मध्ये चूल, भोवती खाटा, अंगावर जाड लोकरीचा नमदा. आत आलेल्याला सगळे दिसतात आणि सगळ्यांना तो दिसतो.

आज गरोदर बायकांच्या तपासणीची फेरी होती. शेवटचा तळ आमचाच. आईबाबांचं गेर, शेजारी झोरिगदादाचं. सोलोंगोवहिनीला आठवा सरत आलाय. बाळ खाली डोकं करून शहाण्यासारखं बसलंय. पायांवर सूज नाही. भूक चांगली. सगळं विचारून झालं, एकच राहिलं— ‘घरात कुणी तुम्हाला मारतं का?’ इतर सगळ्या बायकांना मी हे कसंबसं विचारते. इथे दादा चुलीपाशी खोगिराचा पट्टा शिवत बसलेला.

“विचार ना, सुईणबाई,” तो हसत म्हणाला, “अडलीस का? एवढी शिकलीस ती कशासाठी!”

मी विचारलं, “झोप लागते का?”

रक्तदाबाचा पट्टा बांधायला वहिनीची बाही वर केली होती. दंडावर चार बोटं. पिवळी पडलेली, म्हणजे आठवड्यापूर्वीची. तिने बाही खाली ओढली आणि माझ्या वाटीत आणखी चहा ओतला.

दादा आठवीतून शाळा सोडून कळपामागे गेला, म्हणून मी शिकले. मोटरसायकलवर मागे बसवून, माझी गादी स्वतःच्या पाठीला बांधून त्यानेच मला वसतिगृहात सोडलं होतं. घरातली पहिली पदवी माझी, पण ती त्याच्या पाठीवरून आलेली.

३ मार्च

दिवसभर स्वतःला समजावलं— घोडी बांधताना दोर आवळला असेल. दोराला बोटं नसतात.

८ मार्च

महिला दिन! सुट्टी. गावातले पुरुष आज स्वयंपाक करतात. वर्षातला एक दिवस, आणि त्याचाही पसारा आम्हीच आवरायचा. जांबाकाका— आमच्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर— सकाळी कणकेत मटण भरून उकडलेले बूझ घेऊन आला. निम्मे वाफेत फुटलेले. “आकार बघू नका, भावना बघा,” म्हणाला. भावनेत मीठ नव्हतं.

दुपारी सभागृहात कार्यक्रम. ज्यांना सहा मुलं झाली त्यांना पदकं. मग भाषणं. स्त्री म्हणजे चूल पेटती ठेवणारी, स्त्री म्हणजे पहाट, वगैरे. मग दादा गायला उठला. निळा झगा, नवा कमरपट्टा. आईवरचं गाणं. त्याचा आवाज कसा आहे ते काय लिहू! मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या ओठ दाबून रडत होत्या. आमची आई तर बुडालीच.

माझ्या शेजारी वहिनी होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने एका हाताने स्वतःच्या मांडीवर थाप मारली, दुसरं मनगट तसंच मांडीवर ठेवून.

“काय झालं मनगटाला?”

“बादली.”

मीही टाळ्या वाजवत होते. मध्येच थांबले. आईने कोपर मारलं— “वाजव की! तुझाच भाऊ आहे ना!”

११ मार्च

आमच्या दवाखान्यामागे एक बैठी इमारत आहे. लांबच्या तळांवरच्या बायका दिवस भरत आले की तिथे येऊन राहतात, म्हणजे कळा सुरू झाल्यावर गवताळ रानातून धावपळ नको. कागदोपत्री तिचं नाव ‘प्रसूतिपूर्व विश्रामगृह’. बायका म्हणतात ‘फुगलेल्यांचं वसतिगृह’.

आज तिथे मी हक्कांवर तास घेतला. भिंतीवर तक्ता लावला. श्रोते तीन, त्यातल्या दोघी पेंगत होत्या. तिसरी दोल्गोर. हिचं हे सहावं. ती पदकासाठीच आलीय असं स्वतःच सांगते. मी बोलले— शरीर आपलं आहे, निर्णय आपला आहे, दवाखान्यात जायला कुणाची परवानगी लागत नाही. मनापासून बोलले.

दोल्गोर म्हणाली, “सुईणबाई, हक्क पाठ झाले माझे. पण मला एक सांग, मी इथे येऊन लोळतेय, तर तिकडे बकऱ्यांना कोण बघतंय?”

“कोण बघतंय?”

“नवरा. त्याला काय परवानगी विचारायची! मी नुसतं सांगितलं, आज निघते, लाटलेल्या शेवया पिशवीत आहेत, आणि काळ्या बकरीला जुळं होणार आहे. तो घाबरला. पण मला नाही, जुळ्यांना.”

सगळ्या हसल्या. मी तक्ता गुंडाळला. खरं तर तिचं म्हणणं तक्त्यावर लिहायला हवं होतं. कुणाला न विचारता निघता येणं. दादाच्या घरात वहिनी चहात मीठ किती घालायचं तेही विचारते.

१५ मार्च

सापडला! एकांत सापडला! वाटेत जांबाकाकाच्या गाडीतच लिहायला बसणार होते, पण रस्ता असा की अक्षरं दातांवर आपटत होती.

रविवार होता, घरी गेले. कोकरं व्हायला लागलीत. आईच्या गेरमध्ये खाटेखाली सात ओली पिल्लं, दादाच्या घरात चार. दादा प्यायलेला नव्हता, खुशीत होता. एक अशक्त कोकरू स्वतःच्या झग्यात छातीशी धरून बसला होता आणि त्याला बोटाने दूध चाटवत होता. हेही खरं आहे. हेही मी लिहून ठेवते.

चहा झाल्यावर वहिनी उठली. “घोडे बघून येते.”

इथे लघवीला जायचं असलं की सगळे असंच म्हणतात. बायका, बाप्ये, पाव्हणे, सगळे. आणि अशा वेळी कुणी कुणाला विचारत नाही की घोडे कुठे आहेत! मी पेलाच खाली ठेवला. “मीपण येते.”

दोघी चालत चालत टेकाडाच्या आडाला गेलो. एकमेकींच्या शेजारी बसलो, लांब झगे भोवती पसरून. दोन तंबूच जणू. समोर उघडं रान, वारा, लांबवर खरेच दोन घोडे. कान द्यायला कुणी नाही. कुत्रा मागे आला होता, तोही सभ्यपणे पाठ करून बसला.

मी म्हटलं, “वहिनी, दादा मारतो का?”

ती म्हणाली, “इथे विचारतेस!”

“दुसरी जागा दाखव.”

ती आधी हसली. इतकी हसली की तोल जाऊन मला धरलं. मग हसता हसता थांबली.

“पितो तेव्हा.”

“केव्हा पितो?”

“केव्हाही.”

“गेल्या वर्षी तू घोड्यावरून पडलीस, बाळ गेलं…”

“मी सहा वर्षांची असल्यापासून शर्यतीत घोडा पळवलाय, तुंगा. मी घोड्यावरून पडत नाही.”

वारा होता. झग्याची टोकं उडत होती. आम्ही उठलो नाही.

“दवाखान्यात येशील? आत्तापासून?”

“तो म्हणतो, कोकरांच्या दिवसांत कोण जातं. तुझी आईही तेच म्हणते. त्यांची चारही बाळंतपणं त्या गेरमध्ये झाली.”

“चारही झाली, पण जगलो दोघं.”

तिने झग्याचं टोक पायाखाली दाबलं. मग म्हणाली, “येईन. पण कुणाला सांगू नकोस हे. बाळ होईपर्यंत नको. नंतर मीच बोलेन.”

“कायद्याने मला कळवावं लागतं, वहिनी.”

“कायदा एक महिना थांबेल. माझं पोट थांबणार नाही.”

परत आलो तर दादा म्हणाला, “एवढा वेळ? घोडे मोजत होतात काय!”

१६ मार्च

पाग्मा डॉक्टरांना सांगितलं. बत्तीस वर्षं या गावात आहेत, निम्मं गाव त्यांच्या हातात जन्मलेलं. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. “ती म्हणते तसं करू. आधी तिला माझ्या भिंतीच्या आत आण. मग कायदा.”

मी म्हटलं, “माझा भाऊ आहे.”

“म्हणून तर तुला विचारत नाहीये, जमेल का म्हणून. सांगतेय.”

१९ मार्च

आज डॉक्टरांनी आमच्या तळावर फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. मी शेजारी, जीव मुठीत.

“कोण, झोरिगचे बाबा? तुमच्या सुनेचं रक्त कमी आहे. मागचं बाळ गेलंय. ती शनिवारी माझ्या गाडीत बसलेली हवी.”

बाबा चाचरले. “डॉक्टरबाई, कोकरांचे दिवस…”

“बरं. मग मी तिकडे येते. तुमच्या गेरमध्ये मानाच्या जागेवर बसते आणि बाळ होईपर्यंत तुमचा चहा पिते. मला सकाळी सात वाट्या लागतात. आणि मी घोरते.”

मागून आईचा आवाज आला— “देवा! पाठवतो म्हणा!”

बाबा म्हणाले, “पाठवतो.”

दादाचा आवाज आला नाही. तो कळपामागे असेल असं मी ठरवून टाकलं.

२१ मार्च

आली! जांबाकाका गाडीतून उतरतानाच ओरडला, “नाजूक माल आहे, बाजूला व्हा!” वहिनीची पिशवी बाबांनी स्वतः गाडीत ठेवली म्हणे. दादा घरात नव्हता. पहाटेच निघून गेला होता, न बोलता.

तिला खिडकीपाशी खाट दिली. दुपारी बाराला झोपली ती रात्री नऊला उठली. दोल्गोर म्हणाली, “मेली बिली नाही ना? मी दोनदा नाकाशी आरसा धरला.”

२६ मार्च

वहिनी जोरात हसते. मला माहीतच नव्हतं! चार वर्षं आमच्या घरात आहे आणि मला वाटायचं ती तोंडावर हात ठेवूनच हसते. वसतिगृहात मेंढीच्या घोट्याच्या हाडांचा खेळ रंगतो. बोटाच्या टिचकीने हाड मारायचं. शर्यतीचा घोडा पळवणाऱ्या बोटांपुढे कुणाचं काही चालत नाही. दोल्गोरची वीस हाडं जिंकली. दोल्गोरने हरल्याची शिक्षा म्हणून आरशासमोर उभं राहून स्वतःच्या पोटाला महिला दिनाचं भाषण दिलं. सभापतींच्या आवाजात. मी दारात उभी राहून एवढी हसले की पाग्मा डॉक्टर विचारायला आल्या, कळा कुणाला सुरू झाल्या.

माझा हक्कांचा तक्ता कुणीतरी उलटा करून त्यावर खेळाचे गुण लिहिलेत. राहू दे.

आज वहिनीने विचारलं, “तुंगा, मला दुपारी उकडलेलं मटण नको, दही चालेल का?” मी म्हटलं, विचारतेस कुणाला? ती क्षणभर थांबली. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच दही घेऊन आली. बस्स. एवढंच. पण मला वाटलं सभागृहात पदक द्यायला हवं.

३१ मार्च

खूप रात्र झाली. तरी लिहिते.

दुपारी दादा आला. मोटरसायकल दवाखान्याच्या फाटकावरच आडवी टाकली. प्यायलेला. मी बाह्यरुग्ण खोलीतून धावत गेले.

“कुठाय ती? कोकरं मरतायत! चौदा मेली! आई एकटी धावतेय, आणि ही बाईसाहेब हाडं खेळतेय!”

“दादा, तू आधी बस. पाणी पी.”

“तू बोलू नकोस. तूच हे शिकवलंस. म्हणून शिकवलं का तुला?”

मी मागच्या इमारतीच्या वाटेत आडवी झाले. त्याने मला हाताने उचलून बाजूला ठेवलं. मारलं नाही. खरंच, फक्त बाजूला ठेवलं, पोतं ठेवतात तसं. आणि गेला.

मी मागे धावले आणि बघते तर काय! विश्रामगृहाच्या दारावर, दोन्ही बाजूंच्या खिळ्यांना, आडवा दोर. घोड्याच्या केसांचा. त्यावर लाल चिंधी फडफडतेय— पडद्याचा तुकडा, अजून शिवण लटकत होती. आमच्याकडे बाळंतीण घरात असली की दारावर असा दोर बांधतात. परक्याने, त्यातून दारू प्यायलेल्याने तो ओलांडायचा नाही. ओलांडला तर बाळाला बाधतं.

आत अजून एकही बाळंतीण नव्हती! सगळ्या फुगलेल्याच.

दोरामागे दोल्गोर कमरेवर हात ठेवून उभी. एवढं पोट की दार तिनेच भरलं होतं.

“चिंधी दिसते ना, झोरिग?”

दादा थांबला. जागच्या जागी. एका पायावर भार, दुसरा उचललेला. मग हळूच तो पाय मागे ठेवला. ज्याने गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या घराचं दार लाथेने तोडलं, तो एका पडद्याच्या चिंधीपुढे थांबला.

“झालं?” त्याने विचारलं. आवाज एकदम बारीक. “मुलगा की मुलगी?”

दोल्गोर दारातून हलली नाही. तो पायरीवर बसला आणि टोपी काढून रडायला लागला. म्हणाला, मी अशा तोंडाने आलो. म्हणाला, मला वास येतोय ना, बाळाला लागेल. मग उठला, मोटरसायकल ढकलत ढकलत निघून गेला. चालू करायचंही सुचलं नाही त्याला.

आत वहिनी भिंतीला पाठ लावून बसलेली, हाडं मुठीत घट्ट. दोल्गोर दाराला टेकली आणि खाली घसरली. “सुईणबाई, मला वाटतं माझ्या खऱ्याच सुरू झाल्या.”

सुरू झाल्या होत्या! तासाभरात मुलगा. सव्वाचार किलो. पदक पक्कं. चिंधी खरी झाली.

मी वर्गात म्हणायचे की अंधश्रद्धा म्हणजे बायकांच्या पायातली बेडी. आजचा दिवस त्यात कुठे बसवायचा ते नंतर बघू.

१ एप्रिल

माझ्याही दंडावर उमटलीत. चार.

५ एप्रिल

वहिनीला मुलगी! तीन किलो शंभर. दोघी ठीक आहेत. हे आधी लिहून टाकते.

सकाळपासून धुळीचं वादळ. आकाश पिवळं, समोरचं फाटक दिसत नव्हतं. दुपारपर्यंत सगळं छान. वहिनी कळा देताना घोड्याला हाकारतात तशी ओरडत होती— हुश्श, हुश्श— आणि पाग्मा डॉक्टर म्हणत होत्या, “हाण! शेवटचा टप्पा!” बाळ माझ्या हातात आलं. माझ्या स्वतःच्या हातात! निसरडं, रागावलेलं, दादासारखं नाक.

मग रक्त. थांबेना.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर जांबाकाका म्हणाला, “डॉक्टरबाई, मी यमाच्या घरी सोडीन, जिल्ह्याला नाही. रस्ताच दिसत नाही.” डॉक्टर म्हणाल्या, “तर इथेच.” इंजेक्शन, सलाईन. मी पोटावरून गर्भाशय चोळत राहिले, तळहाताने, दाबून, न थांबता. शिकवलं होतं तसं. पुस्तकात या पानावर एक चित्र आहे, त्यात बाईला चेहरा काढलेला नाही. इथे वहिनीचा चेहरा होता, पांढरा होत चाललेला.

“बोलत राहा तिच्याशी,” डॉक्टर म्हणाल्या.

मी काय बोलणार! मी म्हटलं, “वहिनी, घोडे बघायला जायचं का?”

तिचे ओठ हलले. “आत्ता… नाही लागली.”

हाताखाली गर्भाशय घट्ट झालं. अचानक, मूठ मिटावी तसं. रक्त ओसरलं. पाग्मा डॉक्टर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “मला सात वाट्या चहा आणा.”

संध्याकाळी वहिनीने विचारलं, “तळावर असते तर?”

मी खोटं बोलणार होते. नाही बोलले. “नसतीस.”

तिने बाळाकडे बघितलं. म्हणाली, “पोलिसाला बोलाव.”

“आज?”

“आज नको, आज झोपते. उद्या.”

७ एप्रिल

गावचा पोलीस दादाचा दोस्त. दोघं नादामच्या जत्रेतल्या कुस्त्यांत एकत्र उतरायचे. काल निरोप धाडला, तो आज आला. टोपी मांडीवर ठेवून बसला, आणि त्याच त्या गोष्टी— घरातलं घरात मिटवावं, झोरिग मनाने वाईट नाही, कोकरांच्या दिवसांत माणूस वैतागतो.

वहिनी खाटेवर, बाळ छातीला. “मी बोलू का?”

तो बोलतच होता. पाग्मा डॉक्टर दारातून म्हणाल्या, “तुझ्या दोन्ही पोरांची नाळ मी कापलीय. तुझी स्वतःची पण. लिही.”

त्याने पेन काढलं.

वहिनी सांगत गेली. न रडता, ओळीने. घोडा, बादली, दार. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मग तो म्हणाला, “साक्षीदार?”

मी बाही वर केली. रंग पिवळा पडलाय आता, पण दिसतं. म्हटलं, “मी. तुंगालाग. बहीण.”

सही करताना मला दादाची पाठ आठवली, त्यावर बांधलेली माझी गादी. सही केली. नीट, पूर्ण नावाने.

१० एप्रिल

दादाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. काही दिवस कोठडी, आणि बाहेर आल्यावर वहिनीच्या जवळ जायचं नाही असा हुकूम. बाबा फोनवर म्हणाले, “कळलं.” आणि ठेवला.

मला जेवण गेलं नाही. दोल्गोर घरी जाता जाता माझ्या टेबलावर तिच्या हाडांची पिशवी ठेवून गेली. “तुझ्या वहिनीने जिंकलेली. मी चोरली होती. परत.”

१४ एप्रिल

आई आली. माझ्याशी बोलली नाही. थेट बाळाकडे. तिला हुंगलं— आमच्यात मुका घेत नाहीत, हुंगतात— आणि तिचे खांदे हलायला लागले.

मग वहिनीला म्हणाली, “चल घरी. तो नाहीये. येईल तेव्हा मऊ होऊन येईल. मी आहे ना.”

वहिनी म्हणाली, “तुम्ही मागेही होतात, आई.”

कुणी ओरडलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

आई म्हणाली, “मग राहणार कुठे? दवाखान्यात जन्म काढणार?”

डॉक्टर म्हणाल्या, जिल्ह्याला निवारागृह आहे. मीही मान हलवली. शहाण्यासारखी. वहिनी आमच्या दोघींकडे बघत राहिली.

“मी का परक्या घरात जाऊ? मला घर आहे. त्या घराच्या खाटा माझ्या माहेरच्या. चूल माझी. नमदा मी आणि आईंनी मिळून लाटलाय, दोन उन्हाळे. मी मार खाल्ला म्हणून घरही मीच सोडायचं?”

आईने बाळाचं दुपटं नीट केलं. ते आधीच नीट होतं.

१७ एप्रिल

पाग्मा डॉक्टरांच्या घरामागे कुंपणाच्या आत रिकामी जागा आहे. त्या बटाटे लावतात, जे कधी येत नाहीत. मी विचारलं, वहिनीचं गेर उतरवून इथे उभं करू का. म्हणाल्या, “बटाट्यांना वाईट वाटणार नाही.”

वहिनीला सांगितलं. ती उठूनच बसली. म्हणाली, “दार दक्षिणेकडे हवं.”

२२ एप्रिल

आज वहिनीचं गेर उतरवलं. जांबाकाकाचा चुलतभाऊ ट्रक घेऊन आला. दोल्गोर पाठीला बाळ बांधून आली, आणि तिचा नवरा— काळी बकरी घरी एकटी ठेवून! आई लांब उभी होती. मी पहिली गाठ सोडायला गेले आणि मला ती सुटेना. चार वर्षांची पदवी, आणि गाठ सुटेना! तेव्हा आई आली, मला खांद्याने बाजूला केलं आणि दाताने सोडली. मग नमदे, मग जाळीच्या भिंती, मग चूल. छपराच्या मध्यावरचं लाकडी चाक बाबांनी स्वतः उतरवलं. कुणाशी बोलले नाहीत. दुपारच्या आत सगळं ट्रकवर. वहिनी पुढे बसली, मांडीवर लेक.

सगळे गेले. मी थांबले, दादा आज कोठडीतून सुटून येणार होता. हे मीच ठरवलं होतं, म्हणून दादाला मीच सांगायचं.

तो चारच्या सुमाराला आला. मोटरसायकल थांबवली. आईबाबांचं गेर जागेवर, आणि शेजारी मातीवर मोठी गोल खूण. मी त्या गोलाच्या आत उभी होते, चुलीच्या जागेवर पाय पडणार नाही अशी.

म्हटलं, “दादा, घर वहिनीचं होतं. तिच्याकडे पोचवलं. तू बाबांच्या गेरमध्ये झोप. उजवीकडची खाट मी अंथरलीय.”